केर कोणाला दिसतो?



घरांना आशीर्वाद देण्यासाठी किंवा आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही धर्मगुरू घरोघर जातो, तेव्हा दारातच एक वाक्य हमखास कानांवर पडते : "फादर, पसारा आहे हं, बघू नका." घर आरशासारखे लख्ख असले तरी हे वाक्य येतेच. त्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हे वाक्य बहुतेक वेळा घरातली बाईच बोलते. घरात नवरा असतो, कमावता मुलगा असतो, कॉलेजात जाणारी मुले असतात. पसारा सर्वांनी मिळून केलेला असतो. क्षमा मात्र ती एकटी मागते.

या साध्या वाक्यामागे एक प्रश्न दडलेला आहे आणि आज आपण त्याचाच विचार करणार आहोत. घर स्वच्छ ठेवणे हे कोणाचे काम? काहींना वाटेल, फादरांनी प्रार्थना, संस्कार, पाप-पुण्य यांवर लिहावे. केरसुणी आणि पायपुसणे हे विषय वर्तमानपत्राच्या महिला पुरवणीला शोभतील. पण ख्रिस्ती नीतिविचार काही केवळ मोठ्या पापांपुरता नसतो. ज्या चार भिंतींत आपले अर्धे आयुष्य जाते, तिथे आपण एकमेकांशी कसे वागतो यातच आपला बराचसा न्याय आणि बराचसा अन्याय घडत असतो. खून आणि दरोडा आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. उष्टे ताट तसेच टाकून उठण्याचा प्रसंग मात्र सर्वांच्याच वाट्याला दिवसातून दोनदा येतो.

दिसणे आणि न दिसणे

"मला दिसलंच नाही" ही घरातली सर्वांत सोयीची सबब आहे. सिंकमधली भांडी दिसत नाहीत, मोरीतले शेवाळ दिसत नाही, पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसत नाही, कचऱ्याचा भरून वाहणारा डबा दिसत नाही. त्याच माणसाला आपल्या मोबाईलच्या काचेवरचा बारीक ओरखडा दिसतो आणि नव्या मोटरसायकलवरचा चिखलाचा शिंतोडा लांबूनही दिसतो. म्हणजे दोष डोळ्यांचा नाही. जे आपले मानले आहे ते दिसते; जे दुसऱ्याचे काम आहे असे मनाशी ठरवून टाकले आहे, ते दिसत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवून पाहा. याजकाला आणि लेव्याला तो जखमी माणूस दिसला नव्हता, असे प्रभू म्हणत नाही. त्यांनी त्याला पाहिले आणि ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. शोमरोन्यानेही तेच दृश्य पाहिले. पण त्याला कळवळा आला. पाहणे म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल. आता कोणी म्हणेल, रस्त्यावर पडलेला माणूस कुठे आणि सिंकमधले पातेले कुठे! खरे आहे. पातेले हा काही जखमी माणूस नव्हे. पण त्या पातेल्यामागे रात्री दहा वाजता, पाय दुखत असताना उभे राहणारे एक माणूस आहे. शेवाळ न दिसणे हा गुन्हा नाही. ते दर आठवड्याला खरवडणारा हात वर्षानुवर्षे न दिसणे, ही मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

एक न लिहिलेला कायदा

ज्या घरात साफसफाईचा नियम ठरलेला नसतो, तिथे नियमच नसतो असे नाही. तिथे एक न लिहिलेला कायदा चालतो : ज्याला घाण आधी सहन होणार नाही, त्याने ती काढावी. हा कायदा कोणी केलेला नसतो, त्यावर चर्चा झालेली नसते. पण तो बिनबोभाट लागू असतो. आणि त्याचा भार नेहमी त्या व्यक्तीवर पडतो, जिला घाणीबद्दल बोलणी खावी लागतात. पाहुणे आले आणि घर अस्ताव्यस्त असले, तर नवऱ्याला कोणी नावे ठेवत नाही.

हा केवळ आमचा अंदाज नव्हे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर 'वेळेचा वापर' या विषयावर पाहणी केली. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशा घरच्या बिनपगारी कामात शंभरातल्या सुमारे ८१ स्त्रिया रोज भाग घेत होत्या; पुरुष मात्र शंभरातले सुमारे २६. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४ साली, तीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ होते. स्त्रीची दहा मिनिटे वाचली, याचा आनंद मानावा, तर पुरुषाचीही नऊ मिनिटे कमी झालेली!

कामगारांच्या हक्कांबाबत ख्रिस्तसभेची शिकवण आपण वाचतो, तेव्हा डोळ्यांसमोर गिरणी, कारखाना आणि संप येतो. पण पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक लिहिले, 'लाबोरेम एक्सर्सेन्स', त्यात खाणकामगार, शेतमजूर, डॉक्टर-परिचारिका यांच्याबरोबर घरातल्या स्त्रियांचाही उल्लेख आहे. समाजाकडून आणि कधी कधी स्वतःच्या कुटुंबाकडूनही योग्य ती दखल घेतली जात नसताना त्या घराचा रोजचा भार वाहतात, असे ते स्पष्ट म्हणतात. 'स्वतःच्या कुटुंबाकडूनही' हे शब्द आपल्या घरात कोणाला लागू पडतात, हे ज्याने त्याने पाहावे.

मठातला आठवडा

या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेत एक जुने आणि अगदी व्यवहारी उत्तर आहे. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासी बंधूंसाठी एक नियमावली लिहिली. तिची ७३ प्रकरणे आहेत. प्रार्थना, मौन, नम्रता यांवर तिथे लिहिलेले आहेच. पण पस्तिसावे प्रकरण चक्क स्वयंपाकघराच्या पाळीवर आहे.

संत बेनेडिक्ट सांगतात की, बंधूंनी आठवड्याच्या पाळीने एकमेकांची सेवा करावी. आजारी माणूस किंवा मठाच्या महत्त्वाच्या कामात गुंतलेला माणूस सोडला, तर कोणालाही या कामातून सूट नाही. जे अशक्त असतील त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे काम करताना ते खिन्न होणार नाहीत. शनिवारी ज्याची पाळी संपते त्याने साफसफाई करावी आणि बंधूंनी हातपाय पुसलेले पंचे धुवावेत. मग पाळी संपवणारा आणि पाळी सुरू करणारा, अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत. भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठाराच्या प्रमुखाकडे परत द्यावीत. पाळीवरच्या बंधूंना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकरी आणि पेय जास्तीचे मिळावे, म्हणजे वाढताना त्यांची कुरकुर होणार नाही. रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर दोघांनी सर्वांपुढे नमून प्रार्थना मागावी.

यात किती बारीक विचार आहे पाहा! त्या काळच्या रोमन जगात भांडी घासणे आणि पाय धुणे हे गुलामांचे काम होते. मठात मात्र सरदारांची मुलेही होती आणि पूर्वी गुलाम असलेलेही होते; आणि जन्माने स्वतंत्र म्हणून कोणाला वरचा मान देऊ नये, असे नियमावली आधीच बजावते. अशा समूहात "ज्याला वाटेल त्याने करावे" असे म्हटले असते, तर काम आपोआप कोणाकडे गेले असते, हे सांगायला नको. पाळीने ते होऊ दिले नाही. आणखी एका ठिकाणी संत बेनेडिक्ट म्हणतात की, मठाची सर्व भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. कॅलिस आणि कढई यांना जोडणारा हा विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. मिस्सानंतर धर्मगुरू कॅलिस स्वतः धुतो, पुसतो आणि झाकून ठेवतो. ते काम त्याला हलके वाटत नाही. मग घरची कढई घासणे हलके का वाटावे?

पाळी लावली की प्रेम आटते का?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. "फादर, घर म्हणजे काही हॉटेल नाही. तिथे सर्व काही प्रेमाने चालते. तक्ते लावून, पाळ्या वाटून घराचे ऑफिस कशाला करायचे?"

हा आक्षेप वरवरचा नाही. प्रेमाला हिशोब आवडत नाही, हे खरेच. पण हा आक्षेप घेणारा बहुधा कोण असतो, तेही पाहिले पाहिजे. ज्याच्या वाट्याला काम येत नाही, त्याला प्रेमाची व्यवस्था फार गोड वाटते. प्रेमाच्या नावाखाली एकाने सतत द्यायचे आणि दुसऱ्याने सतत घ्यायचे, याला प्रेम म्हणता येणार नाही. न्याय ही प्रेमाची जमीन आहे. ती खचलेली असेल, तर वर कितीही सुंदर भिंती उभारा, त्यांना तडे जाणारच. घराघरांत भांडीघाशीवरून होणारी कडाक्याची भांडणे प्रत्यक्षात भांड्यांवरून होत नसतात. आपले श्रम कोणाला दिसत नाहीत, या दुःखातून ती होतात.

दुसरी गोष्ट सवयीची. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणतो की, सद्गुण जन्मतः मिळत नाही. वीणा वाजवून वाजवूनच माणूस वीणावादक होतो, तसा न्यायाची कृत्ये करून करूनच माणूस न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. सद्गुण अंगी मुरला की चांगले काम सहज, तत्परतेने आणि आनंदाने होते, असे ते शिकवतात. म्हणजे सवय ही प्रेमाची शत्रू नाही. रोज ठरलेल्या वेळी रोझरी म्हणणारे कुटुंब यांत्रिक होत नाही; उलट मन कोरडे असते त्या दिवशीही ते प्रार्थनेपासून सुटत नाही. उत्साह येतो आणि जातो. ठरलेली वेळ मात्र उत्साह नसतानाही माणसाचा हात धरून त्याला कामापर्यंत नेते.

"फादरांना सांगायला काय जातं?" असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्यांना सांगायला हवे की, सेमिनरीत आम्हां सर्वांनाच कामे वाटून दिलेली असत. व्हरांडा, जेवणघर, बाग, संडास. आठवडा बदलला की काम बदले. सकाळच्या तासाला ॲरिस्टॉटल शिकावा आणि दुपारी संडास घासावा, असा तो क्रम होता. दोन्हींत मिळून जो धडा होता, तो एकट्या पुस्तकात नव्हता.

तरीही एक शंका उरते. साफसफाई हे असे काम आहे की, ते केले तर दिसत नाही आणि नाही केले तरच दिसते. आज पुसलेली लादी उद्या पुन्हा मळते. सिमोन द बोव्हुआर या फ्रेंच लेखिकेने १९४९ साली घरकामाची तुलना सिसिफसच्या शिक्षेशी केली होती. ग्रीक पुराणातल्या या राजाला एक धोंडा सतत डोंगरावर ढकलत न्यावा लागतो आणि तो पुन्हा खाली घरंगळतो. एकटीच्या माथी मारलेल्या कामाबद्दल हे अगदी खरे आहे. पण जे पुन्हा पुन्हा करावे लागते ते सारेच व्यर्थ असते का? रानात इस्राएली लोकांना मान्ना रोज गोळा करावा लागे. शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा सोडला, तर साठवलेला मान्ना नासत असे. रोजची भाकरी आपण रोज मागतो. आईने कालच मायेने जवळ घेतले होते, म्हणून मूल आज दूर राहत नाही. जीवन टिकवणारी बहुतेक कामे रोजचीच असतात. धोंडा सर्वांनी मिळून ढकलला, तर ती शिक्षा राहत नाही. तो संसार होतो.

मार्थेची तक्रार

इथे मार्था आणि मरिया यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यानंतर लगेचच संत लूक हा प्रसंग देतात. मरिया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकते, मार्था कामात बुडून जाते आणि शेवटी तक्रार करते. या उताऱ्यावरचे प्रवचन ऐकताना कित्येक भगिनींच्या मनात येत असेल, "आम्हीही बसलो असतो हो, पण मग जेवण कोणी केले असते?"

प्रश्न रास्त आहे. प्रभूने मार्थेच्या सेवेला नावे ठेवलेली नाहीत. तिच्या जिवाला लागलेल्या घोराकडे त्याने बोट दाखवले. आणि मार्थेची तक्रारही नीट ऐकली पाहिजे. काम आहे, अशी तिची तक्रार नव्हती. बहिणीने मला एकटीला टाकले, ही तिची तक्रार होती. मरियेने निवडलेला वाटा उत्तम आहे, हे प्रभूचे म्हणणे आपण मान्य करतो. मग तो उत्तम वाटा मार्थेलाही मिळायला हवा की नको? तो तिला मिळण्याचा मार्ग एकच : सर्वांनी उठून काम वाटून घ्यावे, म्हणजे सर्वांना बसता येईल. घरात जो कोणी प्रार्थनेला, वाचनाला, विश्रांतीला निवांत बसू शकतो, त्याने एकदा मागे वळून पाहावे, आपल्या निवांतपणाची किंमत कोण मोजते आहे?

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या कुटुंबविषयक पत्रात लिहिले की, घरकामात किंवा मुलांच्या संगोपनात वाटा उचलल्याने पुरुषाच्या पुरुषत्वाला काही उणेपणा येत नाही. आपल्याकडे तर याहून पुढची साक्ष आहे. संत जनाबाई नामदेवांच्या घरी राबत असत; त्यांच्या अभंगांत जनी झाडलोट करते आणि साक्षात विठोबा केर भरतो. आणि संत लूकच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू देवाच्या शोधक प्रेमाचे वर्णन करतो ते कोणाच्या रूपाने? हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईच्या रूपाने. देवाला हातात झाडू घेतल्याचा कमीपणा वाटत नाही, मग आपल्यालाच का वाटावा?

स्वच्छतेची मूर्तिपूजा

मात्र दुसऱ्या टोकालाही एक धोका आहे. काही घरे इतकी स्वच्छ असतात की, तिथे बसायची भीती वाटते. मुलांनी खेळायचे नाही, शेजाऱ्यांनी टेकायचे नाही, आजोबांच्या हातून चहा सांडला तर दिवसभर बोलणी. अशा घरात माणसांसाठी स्वच्छता नसते. स्वच्छतेसाठी माणसे असतात. प्याला बाहेरून घासणाऱ्या आणि आतून तसाच ठेवणाऱ्या परुश्यांना प्रभूने बजावले, ते विसरून चालणार नाही. झाडून पुसून सज्ज केलेल्या, पण रिकाम्या घरात आधीच्याहून वाईट सात आत्मे येऊन राहतात, असेही त्याने सांगितले आहे.

आपल्या देशात तर स्वच्छतेच्या कल्पनेने एक भयंकर पाप पोसले. घाण करणारा शुद्ध राहिला आणि घाण काढणारा अशुद्ध ठरला. तर्काच्या कोणत्याही कसोटीवर न टिकणारी ही गोष्ट शतकानुशतके धर्म म्हणून चालली. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन दिवसा गावे झाडली आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडली, ती याच पापाविरुद्ध. तिकडे पेरूमधील लिमा शहरात संत मार्टिन दे पोरेस (१५७९–१६३९) यांची आई गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री होती. डॉमिनिकन मठात त्यांनी झाडलोट केली आणि रुग्णांची सेवा केली. १९६२ साली त्यांना संतपद मिळाले आणि आजही त्यांच्या चित्रात हातात झाडू असतो. ख्रिस्तसभेने तो झाडू वेदीच्या शेजारी आणून ठेवला.

हे सर्व मान्य करूनही, आपल्या घरी लादी पुसायला येणाऱ्या ताईंचा चहाचा कप वेगळा असतो का? त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते का? आजारपणाचे पैसे आपण कापतो का? सिस्टर जीन देवोस यांनी १९८५ साली मुंबईत घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी केली आणि महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण कायदा आपल्या स्वयंपाकघरात डोकावू शकत नाही. तिथे आपली सदसद्विवेकबुद्धीच पहारा देऊ शकते. पैसे देऊन काम करून घेण्यात पाप नाही. पैसे दिले म्हणजे माणसाकडे पाहण्याची गरज संपली, असे समजण्यात आहे.

क्रम कसा बसवावा?

आता थोडे व्यवहाराचे. ख्रिस्तसभेचा स्वतःचा क्रम पाहा. तिच्या काही प्रार्थना रोजच्या आहेत, रविवार आठवड्याचा आहे, सण वर्षाचे आहेत. सर्व काही एकाच दिवशी उरकायचा हट्ट ती धरत नाही. घराचेही तसेच असावे. आपल्याकडे बऱ्याच घरांत वर्षभर जमलेली जळमटे नाताळच्या तोंडावर एकदम काढली जातात आणि आगमनकाळाची शांतता त्या धामधुमीत हरवते. शेणाने जमीन सारवण्याच्या काळात अनेक घरांत सारवणाचा वार ठरलेला असे. लादी आली आणि तो वार गेला. तो परत आणायला हरकत नाही.

रोजची कामे थोडी असावीत : केर काढणे, जेवणानंतर भांडी आणि ओटा, ओला आणि सुका कचरा वेगळा करून बाहेर ठेवणे. आठवड्याची कामे वार ठरवून करावीत : लादी पुसणे, न्हाणीघर आणि संडास घासणे, चादरी बदलणे. पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडे करावे. यामागे कारण आहे. डेंगी पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. सात दिवसांनी पाणी ओतले की ती साखळी तुटते. इथे आठवड्याचा क्रम पाळणे म्हणजे शेजाऱ्याच्या लेकराचा जीव सांभाळणेही आहे. पंखे, जळमटे, खिडक्यांच्या जाळ्या, देवाच्या फोटोंमागची धूळ ही कामे महिन्याची. वरून सुरुवात करून खाली यावे, म्हणजे पंख्याची धूळ पुसलेल्या लादीवर पडत नाही. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

कामे वाटताना काही गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे 'मदत' हा शब्द. "मी बायकोला घरकामात मदत करतो" असे म्हणणाऱ्याने काम तिचेच आहे, हे आधीच गृहीत धरलेले असते. स्वतःच्या घरात कोणी मदत करत नसतो. आपला वाटा उचलत असतो. दुसरी म्हणजे पाळी फिरती असावी. संडास नेहमी एकाकडे आणि फुलदाणी नेहमी दुसऱ्याकडे, असे नको. तिसरी म्हणजे मुलगा आणि मुलगी असा भेद नको. बहिणीने भावाचे ताट उचलायचे, हा धडा ज्या घरात गिरवला जातो, तिथला मुलगा पुढे बायकोकडून काय अपेक्षा करील, ते उघड आहे. चौथी गोष्ट घरातल्या कर्त्या बाईसाठी. मुलाने पुसलेली लादी त्याच्यासमोर पुन्हा पुसू नये. काम कच्चे झाले तरी चालेल. त्याची जबाबदारी त्याच्याजवळच राहू द्यावी. आणि संत बेनेडिक्टप्रमाणे आजाऱ्यांना सूट, अशक्तांना सोबत आणि पाळी संपवणाऱ्याला शाबासकी द्यायला विसरू नये. वयस्कर आजी-आजोबांनाही बसून करता येईल असे एखादे काम द्यावे. भाजी निवडण्यात, कपड्यांच्या घड्या करण्यात त्यांचा मान आहे, अपमान नाही.

या आठवड्यासाठी

आज संध्याकाळी रोझरीनंतर उठू नका. एक कागद घ्या आणि घरात आठवडाभर होणारी सर्व कामे लिहा. लहानात लहान कामसुद्धा सोडू नका. दूध तापवून झाकून ठेवणे, गादीखालची चादर ओढणे, गाळणे साफ करणे, पायपुसणे झटकणे, हेही लिहा. मग प्रत्येक कामापुढे आजवर ते कोण करत आले, त्याचे नाव लिहा. ती यादी मोठ्याने वाचा. आमच्या मते प्रायश्चित्त संस्कारापूर्वी कुटुंबाने करावयाच्या विवेकपरीक्षणाला याहून चांगला कागद मिळणार नाही. एकच नाव वीस वेळा आले असेल, तर त्यावर भाष्य करण्याची गरज पडणार नाही. सर्वांना ते दिसेल. मग खाली नवी नावे लिहा आणि तो कागद फ्रीजवर चिकटवा.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला पंचा बांधला, शिष्यांचे मळलेले पाय धुतले आणि त्यांनीही एकमेकांचे पाय धुवावेत, असे सांगितले. 'एकमेकांचे' हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. एकानेच सर्वांचे पाय कायम धुवावेत, असे त्याने सांगितलेले नाही. तो पंचा घराघरांत हातोहात फिरावा, आणि पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलत थांबताना घरातल्या कोणा एकीलाच घरी पळण्याची घाई नसावी, हीच आमची प्रार्थना.